गिअर पडत नाही, तेव्हा आपण पैसे कशाचे देतो?

'गिअर पडत नाही' ही शिरूर किंवा दौंडमधल्या कुठल्याही दुचाकीच्या गॅरेजवर नेहमी ऐकू येणारी तक्रार आहे. गाडी स्टँडला लावायची, हे तीन शब्द बोलायचे आणि शेजारच्या टपरीवर चहाला जायचं. परत येईपर्यंत मेकॅनिकला काय ते कळलेलं असेल, असं आपण धरून चालतो.

पण या तीन शब्दांतून काहीच कळत नाही. पोट दुखतं म्हणण्याइतकंच ते मोघम आहे. क्लचची वायर ढिली झाली असेल, तर काम पाच मिनिटांचं. गिअरबॉक्समधला फोर्क वाकला असेल, तर इंजिन खाली उतरवून दोन भागांत खोलावं लागतं आणि गाडी दोन-तीन दिवस गॅरेजलाच राहते. एकाच तक्रारीच्या या दोन टोकांमध्ये काहीशे पटींचा फरक पडू शकतो. आपली गाडी यातल्या कुठल्या टोकाची, हे ठरवायचा अधिकार मेकॅनिकच्या हातात असतो. आपल्याला तपासून बघता येत नाही.

म्हणून हा प्रश्न फक्त यंत्राचा उरत नाही. ज्याला कळतं त्यानं ज्याला कळत नाही त्याच्याशी कसं वागावं, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. डॉक्टर आणि वकिलाच्या संदर्भात त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. ग्रीसने माखलेल्या हातांच्या संदर्भात कमी.

आधी यंत्र समजून घेऊ

गाडी थांबलेली असते, पण इंजिन फिरत असतं. फिरणारं इंजिन आणि थांबलेलं चाक यांच्यामध्ये क्लच असतो. आपल्याकडच्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांत तो तेलात बुडालेल्या बऱ्याच पातळ प्लेटांचा बनलेला असतो. लिव्हर दाबली की प्लेटांवरचा दाब सुटतो, प्लेटा एकमेकींपासून मोकळ्या होतात आणि इंजिनची ताकद गिअरपर्यंत पोचायची थांबते. त्या क्षणी पाय दांडा दाबतो. आत एक ड्रम थोडा फिरतो, ड्रमवरच्या खाचांमुळे फोर्क सरकतात, फोर्क गिअरना बाजूला ढकलतात आणि एका गिअरचे डॉग, म्हणजे बाजूला काढलेले जाड दाते, दुसऱ्याच्या खाचेत बसतात. आपण ज्याला गिअर पडणं म्हणतो, ते हे बसणं.

म्हणजे गिअर पडायला इतक्या गोष्टी जुळाव्या लागतात: वायर, लिव्हर, प्लेटा, तेल, दांडा, दांड्याच्या शाफ्टची स्प्रिंग, ड्रम, फोर्क, डॉग. शिवाय चेन. ढिली चेन गिअर बदलताना असा झटका देते, की दोष गिअरमध्येच आहे असं वाटावं. आणि या सगळ्यांच्या आधी गाडी चालवणाऱ्याचा डावा हात आणि डावा पाय.

आता शोध कसा घ्यायचा? अनुभवी मेकॅनिक पहिल्यांदा पाना उचलत नाही. तो प्रश्न विचारतो. इंजिन बंद असताना गिअर पडतात का? गाडी मागेपुढे हलवत बंद इंजिनवर सगळे गिअर नीट पडत असतील आणि इंजिन चालू झालं की न्यूट्रल सापडेनासं होत असेल, तर संशय क्लचवर जातो: लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा मोकळ्या होत नाहीयेत. वायर ढिली असेल, तेल जुनं किंवा चुकीचं असेल. इंजिन बंद असतानाही दांडा अडकत असेल, खाली जाऊन वर येत नसेल, तर दांड्याची जोडणी आणि परतीची स्प्रिंग बघायची. दांडा नुसताच फिरत असेल आणि आत काहीच होत नसेल, तर त्याचे दाते झिजलेत किंवा बोल्ट ढिला आहे; दहाचा पाना पुरतो. रेस वाढतेय, आवाज वाढतोय, पण गाडी ओढत नाही, तर प्लेटा घसरतायत. आणि गिअर पडतो पण जोर लागला की आपोआप सटकतो, तर मात्र डॉग किंवा फोर्क झिजल्याची शक्यता मोठी. तिथे इंजिन खोलण्यावाचून मार्ग नसतो.

संशयाचा क्रम

या तपासणीला एक क्रम आहे. बाहेरून आत जायचं. स्वस्तापासून महागाकडे. जे उलटवता येतं ते आधी करायचं, उलटवता येत नाही ते शेवटी. वायर आवळून बघितली आणि फरक पडला नाही, तर ती परत होती तशी करता येते. तेल बदललं तर थोडे पैसे गेले, पण गाडीला त्याचा उपयोगच आहे. क्लचचं कव्हर उघडलं तर गॅस्केट नवं लागतं, मात्र बहुतेक गाड्यांत क्लच आणि परतीची स्प्रिंग दोन्ही तिथेच हाताला लागतात. त्यानंतर इंजिनचे दोन भाग करायचे. एकदा खोललेलं इंजिन कंपनीतून आलं तसं परत जुळवणं शक्य असतं, पण ते हातावर अवलंबून असतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर, तेल आणि प्लेटा एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता हे कुणालाच कळत नाही. गिऱ्हाईक तिन्हीचे पैसे देतं आणि मेकॅनिकही काही शिकत नाही.

वरवर ही कामाची शिस्त वाटते. पण नीट बघितलं तर प्रत्येक पायरीवर दुसऱ्या माणसाच्या पैशाचा, वेळेचा आणि वस्तूचा विचार आहे. आपल्या संशयाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागणार असेल, तर कमी किमतीचा संशय आधी फेडून टाकायचा, असा त्याचा अर्थ. वैद्यकातही हाच नियम आहे: साधी तपासणी आधी, शस्त्रक्रिया शेवटी. कुटुंबात, संस्थेत, गावात काही बिघडलं की आपण मात्र बरेचदा उलटं करतो. 'सगळी सिस्टीमच सडलीये' म्हणत थेट इंजिन खोलायला घेतो आणि वायर कुणी बघितलेली नसते. उलट चूकही होते. रोज गिअर सटकतोय हे दिसत असताना आपण वर्षानुवर्षं फक्त वायर आवळत बसतो, कारण आत काय निघेल याची भीती असते. क्रम पाळणं म्हणजे कायम बाहेरच राहणं नव्हे. लक्षण आत बोट दाखवत असेल, तर आत जायची तयारीही त्या क्रमातच येते.

महामार्गावरचं गिऱ्हाईक

मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली एका निबंधात काही वस्तू-सेवांना एक वेगळं नाव दिलं. त्याला मराठीत 'विश्वासाच्या वस्तू' म्हणता येईल. आंबा गोड आहे की नाही, हे खाल्ल्यावर कळतं. दुरुस्ती खरंच गरजेची होती की नाही, हे ती झाल्यावरही कळत नाही. गाडी सुरू झाली. बास. दोन हजारांच्या कामानं झाली की पन्नास रुपयांच्या कामानंही झाली असती, हे फक्त करणाऱ्याला माहीत.

अशा व्यवहारात माणूस प्रामाणिक का राहतो? जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. तो अजाण गिऱ्हाइकालाही जास्त भाव लावत नाही, लहान मूल आलं तरी त्याला तोच भाव. पण कांट विचारतो, हा प्रामाणिकपणा कर्तव्य म्हणून आहे, की धंद्याला बरा म्हणून? नाव खराब झालं तर गिऱ्हाईक तुटेल, या हिशेबानं केलेलं वागणं बरोबर असेल, पण त्याला नैतिक मोल नाही, असं त्याचं म्हणणं.

हे उदाहरण आपल्या भागात आणून बघा. न्हावऱ्यातल्या गॅरेजवाल्याकडे न्हावऱ्याचंच गिऱ्हाईक आलं, तर त्याला फसवणं अवघड आहे. उद्या बाजारात भेट होणार, सोयरीक निघणार, ग्रुपवर चर्चा होणार. गावात प्रामाणिकपणाला शंभर डोळ्यांचा पहारा असतो. पण शिरूर पुणे-अहिल्यानगर महामार्गावर आहे आणि दौंड तालुक्यातल्या यवत, पाटस, कुरकुंभवरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. रांजणगावचा महागणपती करून सिद्धटेककडे निघालेली अष्टविनायक यात्रेतली पोरं, कुरकुंभच्या एमआयडीसीत मुलाखतीला आलेला परजिल्ह्यातला तरुण, यांची गाडी रस्त्यात अडली तर ते पुन्हा कधीच भेटणार नाहीत. त्यांना वेळ नसतो, पर्याय नसतो, यंत्र कळत नसतं. क्लचची वायर आवळली आणि 'प्लेटा गेल्या होत्या' म्हणून पैसे घेतले, तर जगात कुणालाही कळणार नाही.

त्या गिऱ्हाइकाशी कसं वागायचं, यावर मेकॅनिकची खरी ओळख ठरते. तरीही कांटचं सगळंच मान्य करावं असं मला वाटत नाही. गावाच्या पहाऱ्यामुळे लागलेली सवय पुढे पहारा नसतानाही टिकू शकते. वीस वर्षं ओळखीच्या माणसांची बिलं नीट लावणाऱ्या हाताला अनोळखी माणसाचं बिल फुगवणं जड जातं. धंद्यासाठी सुरू झालेला प्रामाणिकपणा कधीकधी अंगात मुरतो. पण तो खरंच मुरलाय का, हे हायवेवरच कळतं.

दोष डाव्या हातात असेल तर?

तिसरी शक्यता सर्वांत अवघड. यंत्रात दोष आहे, पण तो माणसाच्या सवयीतून आलाय.

सतत हाफ क्लचवर चालवलं की प्लेटा घासून तापतात आणि झिजतात. चालताना पाय दांड्यावर टेकवून ठेवला की फोर्कवर कायम थोडा दाब राहतो. क्लच अर्धवट दाबून गिअर ढकलले की डॉगच्या कडा गोल होत जातात. मेकॅनिकला हे झिजलेला भाग हातात घेतल्यावर दिसतं. मग त्यानं सांगावं का? सांगितलं नाही तर नव्या प्लेटाही तशाच जातील आणि गिऱ्हाईक परत येईल. धंद्याच्या दृष्टीनं ते फायद्याचंच. सांगितलं तर एखादा चिडतो: 'मला गाडी चालवायला शिकवतो काय?'

पण चालवणाऱ्याच्या माथी दोष मारून विषय संपवणंही बरोबर नाही. दूध घालणाऱ्या माणसाचं बघा. चाळीस-चाळीस लिटरच्या दोन भरलेल्या किटल्या म्हणजे नुसतं दूधच ऐंशी किलोच्या वर, किटल्यांचं वजन वेगळं, त्यात तो स्वतः. पहाटे गोठ्यापासून डेअरीपर्यंत कच्चा रस्ता, दर थोड्या अंतरावर खड्डा किंवा स्पीडब्रेकर. ऊस गाळपाच्या हंगामात समोर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. इतकं वजन घेऊन कासवाच्या चालीनं जायचं, तर हाफ क्लच वापरण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. 'तुझ्या सवयीनं प्लेटा गेल्या' हे खरं आहे, पण अपुरं खरं आहे. सवयीच्या मागे रस्ता आहे, रस्त्याच्या मागे पोट आहे.

चांगला मेकॅनिक हे दोन्ही एकदम धरतो. तो म्हणतो, 'दादा, वजनामुळं प्लेटा लवकर जाणारच. पण चढाला पहिलाच टाका, दुसऱ्यात क्लच दाबत ओढू नका. आणि तेल वेळेवर बदला.' इथे दोष सांगितला जातो, पण त्याचं खापर फोडलं जात नाही. उद्यापासून माणूस जे बदलू शकतो, तेवढंच त्याच्यासमोर ठेवलं जातं. जे तो बदलू शकत नाही, त्याबद्दल त्याला ऐकवलं जात नाही. कुणाला चूक दाखवायची असेल, तर याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

तात्पुरतं भागवणं

आता पैशाचा प्रश्न. दूधवाल्याच्या गाडीचा गिअर सटकतोय. मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. दूधवाला म्हणतो, पगार अजून दहा दिवसांनी आहे (डेअरीच्या पैशाला गावाकडे पगारच म्हणतात), गाडी तीन दिवस थांबली तर रतीब तुटेल, तेवढं काहीतरी भागवा.

'योग्य काम करीन, नाहीतर करणार नाही' असं म्हणणारा मेकॅनिक तत्त्वनिष्ठ वाटतो. पण त्याच्या तत्त्वाची किंमत दुसरा मोजत असतो. उलट प्रत्येक वेळी भागवून देणारा दयाळू वाटतो, आणि एखाद्या दिवशी त्याच्या दयेनं कुणाचा जीव जाऊ शकतो. यातून मार्ग काढायला दोन कसोट्या पुरतात, असं मला वाटतं.

पहिली: भागवलेलं काम निकामी झालं, तर ते कसं निकामी होईल? घसरणाऱ्या प्लेटा हळूहळू दगा देतात. गाडी ओढेनाशी होते, माणसाला सूचना मिळते, तो बाजूला थांबतो. तिथे दहा दिवस ढकलायला हरकत नाही. पण सटकणारा गिअर सूचना देऊन सटकत नाही. न्हावरा-चौफुला रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना, समोरून वाहन येत असताना, जोर लावल्याबरोबर गिअर सटकला तर रेस फुकट जाते आणि गाडी तिथेच राहते. बरोबर ज्या क्षणी ताकद हवी, त्याच क्षणी ती जाते, कारण जोर लागला की सटकणं हाच तो दोष आहे. असं काम भागवून देणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर सवलत देणं.

दुसरी: भागवलंय हे सांगितलंय का? तात्पुरतं काम तात्पुरतं म्हणून दिलं, तर निर्णय गाडीवाल्याचा राहतो. तो वेग कमी ठेवेल, ओलांडणार नाही, एक किटली कमी नेईल. तेच काम 'झालं बघा फर्स्टक्लास' म्हणून दिलं, तर निर्णय त्याच्या हातातून काढून घेतलेला असतो. आपण जुगाडाचं कौतुक करतो आणि ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. पण न सांगितलेला जुगाड ही फसवणूकच, तो कितीही हुशारीचा असला तरी.

पर्सिगनं काय सोडलं

मोटरसायकलच्या दुरुस्तीवर तत्त्वज्ञानाचं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे रॉबर्ट पर्सिग यांचं १९७४ सालचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. त्यात निवेदकाची गाडी एका गॅरेजमध्ये बिघडवली जाते. तिथली पोरं वाईट नसतात, हसतखेळत रेडिओ लावून काम करत असतात. फक्त कामात त्यांचा जीव नसतो. मूळ दोष नंतर एका पंचवीस सेंटच्या तुटलेल्या पिनेत सापडतो. निवेदक ठरवतो की आपली गाडी आपणच बघायची, आणि पुस्तकाचा मोठा भाग कामातल्या आस्थेचा शोध घेतो.

आस्थेबद्दल वाद नाही. पण पर्सिगच्या निवेदकाकडे वेळ होता, गाडी हौसेची होती. दूधवाल्याला आपली गाडी आपण खोलून बसायला सवड नाही. आणि मेकॅनिकच्या निष्काळजीपणाचं मूळ फक्त त्याच्या मनात शोधलं, तर एक साधी गोष्ट नजरेआड होते. त्याला पैसे कशाचे मिळतात?

आपण बिल कसं वाचतो ते आठवा. प्लेटा इतक्या, तेल इतकं, मजुरी इतकी. प्लेटा हातात दिसतात, म्हणून त्यांचे पैसे देताना कुरकुर होत नाही. पण मेकॅनिकनं चार प्रश्न विचारले, गाडी एक चक्कर मारून आणली, लिव्हरच्या टोकाचा खेळ बोटानं बघितला, लॉकनट सोडून वायर आवळली आणि 'झालं, घेऊन जा' म्हणाला, तर आपण म्हणतो, 'एवढ्याशाचे कसले पैसे?' ज्या कामात त्याची वीस वर्षं खर्च झाली, ते आपल्याला फुकट हवं असतं.

ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' (१९४९) या पुस्तकात 'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांत भेद केला. क्लच कसा चालतो, हे तुम्ही आत्ता वर वाचलंत. ते माहीत असणं झालं. लिव्हर दाबल्यावर हाताला लागणाऱ्या जडपणातून वायरची तार आत तुटत चाललीये की प्लेटा चिकटल्यात हे ओळखणं, हे करता येणं. ते कागदावर उतरत नाही, म्हणून बिलावरही उतरत नाही.

याचा परिणाम सरळ आहे. जो मेकॅनिक पाच मिनिटांत खरं निदान करून न खोलता गाडी देतो, त्याला वीस-तीस रुपये मिळतात किंवा तेही नाही. जो विनाकारण खोलतो, त्याला दोन हजार मिळतात. प्रामाणिकपणाला दंड आणि अप्रामाणिकपणाला बक्षीस, अशी रचना आपण गिऱ्हाईक म्हणून उभी केली आहे, आणि वर म्हणतो की हल्ली चांगले मेकॅनिक राहिले नाहीत.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, तेव्हापासून इंजिनच्या बऱ्याच दोषांसाठी स्कॅनर लागतो आणि रस्त्यावरचं गॅरेज मागे पडत चाललंय. २०२२ साली केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारवाहनांचाही समावेश आहे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मिळायलाच हवेत. पण कायदा माहिती देऊ शकतो, जाणत्या हाताची कदर करायला लावू शकत नाही. क्लच आणि गिअरबॉक्स तर आजही बहुतेक गाड्यांत स्कॅनरला कळत नाही, हातालाच कळतो.

तेव्हा गिऱ्हाइकाचंही काही कर्तव्य निघतं. गाडी टाकून चहाला जायचं नाही. केव्हा अडतं, चालू इंजिनवर की बंद, थंड असताना की तापल्यावर, कितव्या गिअरला, शेवटचं तेल कधी बदललं, हे खरं सांगायचं. स्वस्तातलं मोटारीचं तेल टाकलं असेल, तर तेही सांगायचं. मोटारीच्या तेलातल्या काही रसायनांमुळे ओला क्लच घसरू शकतो आणि ते लपवलं तर मेकॅनिक आत शोधत बसेल. बदललेला जुना भाग मागून घ्यायचा. आणि न खोलता गाडी नीट झाली, तर विचारायचं, 'बघायचे किती झाले?'

समोरचा बहुधा म्हणेल, 'राहू द्या, काय नाय.' तरीही शंभराची नोट काढून द्यायची. कुठलाही सुटा भाग न घेता दिलेली ती नोट पुढच्या गाडीचं इंजिन विनाकारण खोललं जाऊ नये यासाठी असते.